खुर्ची अडवली कुणी?

"परदेशात जाऊन बसायचं आणि पुण्याची नोकरी मात्र सोडायची नाही. मग इथल्या पोरांनी काय करायचं?" आमच्या भागातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी जळकोटात विद्यार्थ्यांसमोर हा सवाल टाकला आणि टाळ्या घेतल्या. सरांचं नाव मी घेत नाही. हे मत त्यांच्या एकट्याचं असतं तर लिहायला बसलोच नसतो. उदगीरच्या आडतीवर, लग्नाच्या मांडवात, लातूरला क्लासबाहेर लेकरांची वाट बघत उभ्या असलेल्या पालकांत हेच ऐकायला मिळतं. नवऱ्यामागं परदेशी गेलेली पोरगी तिथं लॅपटॉप उघडून इथल्या कंपनीचं काम करत राहते. म्हणजे तिनं इथल्या एका होतकरू मुलाची खुर्ची अडवली. आणि हे सगळं लपूनछपून चालतं, म्हणजे ही चोरीच. आणखी एक वाक्य असतं, ते बायका आजूबाजूला नसताना येतं: नवरा एवढं कमावतोय, हिला काय कमी पडलंय?

मी इथं लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देतो. सोयाबीनवाल्याला आयकर नसतो, तेव्हा माझी गिऱ्हाइकं म्हणजे शिक्षक, दुकानदार, निवृत्त मंडळी आणि अलीकडच्या काळात त्यांच्या लेकी-सुना. त्या स्वतः येत नाहीत. त्यांचे वडील येतात, पिशवीतून फॉर्म १६ काढतात आणि आवाज जरा खाली आणून म्हणतात, "राहायला तिकडं हाय, पण नोकरी इकडचीच हाय. काही अडचण तर न्हाई ना?" त्या फॉर्मवर पत्ता बाणेरचा असतो. लेक म्युनिकला जाऊन वर्ष उलटलेलं असतं. कंपनीच्या पगार खात्याच्या लेखी ती अजून बाणेरच्या फ्लॅटमध्येच राहते. सरांना सगळी लबाडी या कागदात दिसेल. मलाही दिसते. फक्त ती कुणाची, यावर आमचं जमत नाही.

आधी खुर्चीचं बघू, कारण टाळ्या तिलाच पडतात. सरांच्या हिशेबात नोकऱ्या म्हणजे शाळेच्या वर्गातली बाकं: एक उठला की दुसरा बसला. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत एक जण राजीनामा देतो तेव्हा पुष्कळदा त्याचं काम उरलेल्या तिघांच्या गळ्यात पडतं, किंवा कंपनीतच प्रोजेक्टविना बसलेल्या कुणाला तरी तिथं लावलं जातं. एखादी जागा खरोखर निघतेही, नाही असं नाही. पण ती भरली जाते ती हिंजवडीत चौघांत खोली घेऊन राहणाऱ्या, दुसऱ्या दिवशी मुलाखतीला हजर होऊ शकणाऱ्या उमेदवारानं. जळकोटहून पुणं रात्रभराचा प्रवास. आम्हाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. तिथंही खोली, डिपॉझिट आणि खानावळ आलीच. आमच्या पोराचं घोडं नेमकं इथं अडतं. काम त्याला येतं. लातूर पॅटर्ननं त्याला गणित घोटून घोटून शिकवलंय. पण काम मिळण्याआधी शहरात जाऊन राहायचा खर्च त्याच्या बापाला पेलत नाही.

त्याची अडचण एकाच गोष्टीनं सुटू शकते: माणूस कुठं बसून काम करतो हे कंपनीनं विचारणं सोडलं तर. २०२० साली टीसीएसनं जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असण्याची गरज राहील. त्या काळात आमच्या तालुक्यात कितीतरी पोरं माळवदावर, लिंबाखाली, जिथं रेंज येईल तिथं हेडफोन लावून बसलेली दिसायची. आई मागून हळूच चहा ठेवून जायची. २०२२ च्या जुलैत केंद्रानं विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत ४३ अ हा नियम घातला आणि तिथल्या कंपन्यांना निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना घरून काम देण्याची मुभा दिली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून पाचही दिवस कार्यालयात या, असं फर्मान टीसीएसनंच काढलं. इतरांनीही कमीअधिक तेच केलं. माळवदावरची पोरं पुन्हा खानावळीत गेली. काही परतलीच नाहीत, त्यांनी उदगीरला मोबाइलचं दुकान टाकलं.

म्युनिकमध्ये बसलेल्या पोरीला ज्या तत्त्वावर काम मिळतं, त्याच तत्त्वावर ते जळकोटात बसलेल्या पोरालाही मिळू शकतं. सर त्या तत्त्वावरच कुऱ्हाड घालतात आणि वर पोराची बाजू घेतल्याचं समाधान मिरवतात. "काम पुण्याचं तर माणूसही पुण्यातच पाहिजे" हा नियम कडक करा. त्यात म्युनिकवाली एक जाईल आणि जळकोटची पन्नास पोरं कायमची बाहेर राहतील.

आता 'इथल्यांची' नोकरी. हा शब्द आमच्या भागात नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि त्या राज्यात नोकरीसाठी मुलकी आणि गैरमुलकी असा भेद होता. पंधरा वर्षं राज्यात वास्तव्य असेल तर मुलकी. उत्तरेकडून आणलेल्या अधिकाऱ्यांनी इथल्या लोकांच्या जागा बळकावल्या, अशी त्या नियमांमागची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. १९५२ मध्ये त्यावरून हैदराबादेत आंदोलन झालं, गोळीबार झाला. १९५६ ला मराठवाडा बाहेर पडला, पण तेलंगणात ते भांडण चालूच राहिलं आणि शेवटी १९७३ मध्ये बत्तिसाव्या घटनादुरुस्तीच्या वेळी मुलकी नियम गुंडाळले गेले. आमच्या आजोबांच्या तोंडी हे शब्द होते. सरांच्या भाषणात मला तेच ऐकू आले, फक्त उलटे करून. मुलकीची तक्रार बाहेरून आलेल्या माणसाविरुद्ध होती. सर ती इथंच जन्मलेल्या, इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, इथल्या बँकेत पगार जमा होणाऱ्या लेकीविरुद्ध वापरतात. ती गैरमुलकी कशानं झाली? विमानात बसली म्हणून? केसरीसाठी द. वि. ताम्हणकर लंडनमध्ये राहून बातमीदारी करत होते. पुण्यातल्या एखाद्या उपसंपादकाची खुर्ची त्यांनी अडवली, असं कुणी म्हटलं नाही.

पैसा बाहेर जातो म्हणावं तर तेही उलटंच आहे. हिचा पगार रुपयांत, इथल्याच खात्यात पडतो. तो कशावर जातो हे पासबुकात दिसतं: बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता, धाकट्या भावाची फी, वडिलांच्या साखरेच्या गोळ्या, भविष्य निर्वाह निधी. तिकडची भाजी नवऱ्याच्या युरोतून येते.

राहिली चोरी. हा आरोप जड आहे आणि थोडा खराही आहे, तेव्हा त्यावर जरा थांबलं पाहिजे. परदेशात बसून मायदेशाच्या मालकाचं काम करणं कायदेशीर की बेकायदा, याला एक उत्तर नाही. देश कुठला आणि व्हिसा कुठला, यावर ते ठरतं. जर्मनीत कामाच्या परवान्यावर राहणाऱ्याच्या बायकोला राहण्याच्या परवानगीबरोबर काम करण्याचाही हक्क मिळतो. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदारालाही बहुतेक कोणतंही काम करता येतं. म्हणजे या दोन्ही देशांत गेलेली आमची मुलगी व्हिसाच्या बाबतीत चोर नाही. अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथं एच-४ या डिपेंडंट व्हिसावर गेलेल्या बायकोला कामाची परवानगी आपोआप मिळत नाही. २६ मे २०१५ पासून काही जणींना ती मिळू लागली, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाची एक ठरावीक पायरी पार पडली असेल तरच. बाकीच्यांनी अमेरिकेच्या जमिनीवर बसून केलेलं काम हे अमेरिकेतलंच काम, मग पगार पुण्यात पडो की परळीत, असं धरून चालावं. "पगार तर भारतात जमा होतो, अमेरिकेला काय करायचंय" असं म्हणत नवऱ्याचा व्हिसाही पणाला लावणाऱ्या आहेत. त्यांना मी स्पष्ट सांगतो, हे करू नका. सरांनी इतकंच म्हटलं असतं तर मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो असतो.

पाहुणे म्हणून गेलेल्यांचं आणखी निराळं. बाळंतपणासाठी लेकीकडे गेलेली आई, दोन महिने भावाकडे राहणारी नोकरदार पोरगी. ब्रिटननं ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना आपल्या देशातल्या मालकाचं काम दुरून करायची मुभा दिली, अट एवढीच की येण्याचा मुख्य हेतू तो नसावा. न्यूझीलंडनं २७ जानेवारी २०२५ पासून तसंच केलं. कॅनडातही पाहुण्याला बाहेरच्या मालकाचं काम चालतं. संयुक्त अरब अमिराती दुरून काम करणाऱ्यांना वेगळा एक वर्षाचा व्हिसाच देते, पण त्याला महिना ३,५०० डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं. पुण्याचा रुपयातला पगार सहसा तिथवर पोचत नाही. म्हणजे जगातली सरकारं हळूहळू मान्य करत आहेत की असं काम असतं आणि त्यासाठी नियम हवेत. पेचात पडलेल्या सरकारांनी नियम केले, आणि आमच्याकडे अजून "चोरी" म्हणून काम भागवलं जातं.

तरी लपवाछपवी होते हे खरंच. ती कशी होते ते सांगतो, कारण मी पाहिली आहे. मुलीचं लग्न ठरतं, नवरा जर्मनीत. ती मॅनेजरला विचारते. मॅनेजर चांगला माणूस असतो, आणि प्रोजेक्टमधलं ते एक मॉड्यूल तिच्याशिवाय कुणाला येत नसतं. तो म्हणतो, "जा तू. काम होतंय तोवर मला काही नाही. एचआरला मात्र मेल करू नकोस, ते उगाच नाही म्हणतील." झाला करार. कागद नाही, तारीख नाही, सही नाही. थंडीत तिकडं पहाटेचे पाच वाजलेले असतात तेव्हा इकडं साडेनऊची मीटिंग सुरू होते. ती स्वयंपाकघरात दिवा लावून बसते आणि कॅमेरा बंद ठेवते, कारण मागच्या खिडकीत अंधार दिसला तर कुणीतरी विचारेल. मॅनेजरला माहीत असतं, टीमला माहीत असतं, टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्या बर्फातल्या फोटोला अंगठे येतात. माहीत नसतं ते फक्त कागदाला.

आता या व्यवहारात कुणाला काय मिळालं? कंपनीला अनुभवी माणूस जुन्याच पगारात टिकला. नवा माणूस शोधायचा, शिकवायचा खर्च वाचला. तिला नोकरी टिकली, आणि सगळी जोखीमही तिच्याच पदरात पडली.

याच कंपनीनं एखाद्याला ऑनसाइट पाठवलं असतं तर काय केलं असतं ते आठवा. व्हिसा कंपनीचा, तिकीट कंपनीचं, तिकडचा भत्ता, आरोग्य विमा, दोन्हीकडच्या कराचा हिशेब बघायला सल्लागार. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, सर्वसमावेशक स्वरूपात तो १ मे २०१७ पासून लागू झाला. कंपनीनं पाठवलेल्या माणसासाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालय एक प्रमाणपत्र देतं, आणि ते दाखवलं की ४८ महिन्यांपर्यंत तिकडचं निवृत्तिवेतनाचं अंशदान भरावं लागत नाही. इथलंच चालू राहतं. हे सगळं पाठवलेल्यासाठी. स्वतःच्या तिकिटानं गेलेलीला यातलं काहीच नाही. काम तेच, शहर तेच, कधी कधी क्लायंटही तोच. ऑनसाइटवाल्याचा गावात सत्कार होतो, फेटा बांधतात. हिला खुर्ची अडवणारी म्हणतात.

पगाराचंही बघा. समजा तिला महिना ८० हजार मिळतात. जळकोटच्या मानानं भरघोस. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे झाले ८०० युरो. २०२५ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. आठवड्याला चाळीस तास काम करणाऱ्याचे महिन्याला २,२०० च्या वर होतात. इंजिनिअर झालेली आमची लेक तिथं भांडी विसळणाऱ्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. आणि गंमत म्हणजे जर्मनीचा किमान वेतनाचा कायदा मालक कुठल्या देशातला आहे हे बघत नाही. काम जर्मनीत झालं की तो लागू. म्हणजे कायद्याचा भंग कुणाकडून होत असेल तर तो मालकाकडून. "पुण्याचा पगार घेऊन तिकडं मजा मारते" म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा. सर गणिताचेच होते.

करातही तीच कथा. पगारावरचा कर सामान्यपणे काम जिथं होतं तिथं लागतो, हे देशादेशांतल्या बहुतेक कर-करारांचं सूत्र आहे. थोड्या मुदतीसाठी गेलेल्याला १८३ दिवसांची सवलत असते, तीही काही अटींवर. नवऱ्याबरोबर संसार थाटून राहिलेलीला ती धरता येत नाही. तिचा कर तिकडं. इथली कंपनी मात्र ती बाणेरलाच आहे असं समजून दर महिन्याला टीडीएस कापत राहते. मग वर्षाच्या शेवटी वडील पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. ती १८२ दिवसांच्या हिशेबानं इथं अनिवासी झाली का, पगार इथल्या खात्यात पडला म्हणून इथं करपात्र धरायचा का, तिकडं तिनं विवरणपत्र भरलं का, बचत खातं अनिवासींसाठीचं एनआरओ करून घेतलं का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर जवळपास नेहमी 'नाही' असतं, कारण बँकेला कळवलं तर पत्ता बदलेल, पत्ता बदलला तर कंपनीत विचारतील. एक तोंडी होकार आणि त्यापायी चार ठिकाणी खोटं. खोटं बोलायची वेळ तिच्यावर आणली कुणी, हा प्रश्न सरांच्या भाषणात नव्हता.

माझ्याकडचे एक गृहस्थ लेकीचं भारतातलं सिमकार्ड जुन्या मोबाइलमध्ये घालून वागवतात. विवरणपत्राची पडताळणी आधारच्या ओटीपीवर होते आणि तिकडं रोमिंगचा मेसेज कधी येतो, कधी येत नाही. घरात रेंज नाही. तेव्हा ते एका हातात जुना मोबाइल, दुसऱ्या हातात व्हॉट्सअॅप कॉल चालू असलेला नवा मोबाइल घेऊन जिन्यानं गच्चीवर जातात. मेसेज वाजला की चष्मा कपाळावरून खाली, आणि सहा आकडे ओरडून सांगतात, शेजारच्या तीन घरांना ऐकू जातील असे. सायबर सुरक्षेच्या कुठल्याही पुस्तकात हे बसणार नाही. ते सिम बंद पडू नये म्हणून न चुकता रिचार्जही मारतात. पगारावर कापलेला कर परत मिळवायचा तर हा उद्योग करावाच लागतो, आणि हे सगळं करून परतावा येईलच असं मी त्यांना सांगू शकत नाही.

आता बायका आजूबाजूला नसताना येणारं ते वाक्य. नवरा कमावतोय, हिला काय कमी? आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरून, शेजारच्या मुखेड-कंधारकडून दर हंगामाला माणसं ऊसतोडीला जातात. त्या धंद्यात मोजणी कोयत्यानं होते. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, आणि मुकादमाची उचल नवऱ्याच्या हातात पडते. तिच्या नावाचा हिशेब कुठल्या वहीत नसतो. आमच्या भागाला बाईच्या कामाचा हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून तर "नवरा कमावतोय" हे वाक्य इतकं सहज येतं. शिकलेली मुलगी परदेशी जाते तेव्हा डिपेंडंट व्हिसावर जाते, कागदावर नवऱ्याची आश्रित म्हणून. तिच्या नावानं उरलेली एकच वही म्हणजे पुण्याची ती सॅलरी स्लिप. ती सोड म्हणणाऱ्यांनी निदान आपण काय मागतोय ते स्पष्ट म्हणावं.

राज्याबाहेर मजूर नेणाऱ्या ठेकेदारानं मजुराला पासबुक द्यावं, विस्थापन भत्ता द्यावा, जाण्यायेण्याचं भाडं द्यावं, असं १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात किती मिळालं ते तांड्यावर जाऊन विचारा. पण माणूस दूर गेला तर मालकाची जबाबदारी संपत नाही, ही समज कायद्याला तेव्हा होती. सर म्हणतील, तिला कंपनीनं कुठं नेलं, ती नवऱ्याबरोबर गेली. कबूल. कंपनीनं नेलं नाही. मग कंपनीनं नाही म्हणावं. तिच्या कामाचा फायदा घ्यायचा असेल तर मात्र ती कुठं आहे हे माहीत नसल्याचं सोंग करता येणार नाही.

कंपनीला नाही म्हणायची कारणं असतात आणि ती सगळीच बहाण्याची नसतात. बँकेचा किंवा विमा कंपनीचा क्लायंट असेल तर माहिती भारताबाहेर उघडायची नाही, असं करारात लिहिलेलं असतं. तिकडून व्हीपीएन लावून कुणी ती उघडली तर करार मोडतो. एखादा कर्मचारी परदेशात बसून कंपनीसाठी व्यवहार ठरवू लागला तर त्या देशाचं कर खातं कंपनीचाच तिथं धंदा आहे असं म्हणू शकतं आणि नफ्यावर कर मागू शकतं. इथला सामूहिक आरोग्य विमा सहसा तिकडच्या दवाखान्यात चालत नाही. हे धोके एचआरला ठाऊक आहेत, म्हणूनच ते "उगाच नाही म्हणतील" असं मॅनेजर सांगतो. कंपनीतल्या एका टेबलावर धोका माहीत आहे आणि दुसऱ्या टेबलावरून तो पोरीच्या अंगावर ढकलला जातोय. उद्या काही निघालं तर कंपनी म्हणायला मोकळी की आम्हाला कल्पनाच नव्हती, तिनं धोरण मोडलं. राजीनामा एका दिवसात घेतला जातो, अनुभवाच्या पत्राला महिने लागतात. असं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. मॅनेजर तेव्हा रजेवर होता.

आपल्याकडच्या कायद्यानं घरून काम हा प्रकार ओळखलाच नाही, असंही नाही. २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवड्यांची झाली, आणि रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालक आणि कर्मचारी यांनी आपसात ठरवून घरून काम करावं, अशी तरतूद आली. घर कुठल्या देशात असावं, याबद्दल तिथं अक्षर नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. आता यायला हवं.

मागणी फार मोठी नाही. कंपनीनं एक पानाचं पत्र द्यावं: अमुक कर्मचारी अमुक देशातून अमुक तारखेपर्यंत काम करेल, हे आम्हाला माहीत आहे. पगार कुठल्या चलनात, कर कुठं कापला जाणार, विमा कुणाचा, आणि त्या देशात मालक म्हणून नोंदणी करायची असेल तर ती कोण करणार. जमत नसेल तर "जमणार नाही" असं लिहून द्यावं. मधला मार्ग म्हणून काही जणी राजीनामा देऊन त्याच कंपनीला बिल देणाऱ्या सल्लागार होतात. तो मार्ग वाईट नाही, पण त्यात भविष्य निर्वाह निधी जातो, ग्रॅच्युइटी थांबते, आणि आधी लिहिलेले व्हिसाचे प्रश्न तसेच राहतात. तेव्हा तोही डोळे उघडे ठेवूनच.

मी हे एका ओळखीच्या पालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पत्र मागायला गेली तर नोकरीच जाईल की." शक्य आहे. पुष्कळ कंपन्या सरळ नाही म्हणतील. पण तो नकार तिला लग्नाआधी, नोटीस पिरियड हातात असताना मिळेल. जर्मनीत, ब्रिटनमध्ये तिला काम करायचा हक्क आहे, तिथं भाषेचा क्लास लावून तिथल्या पगाराची नोकरी शोधायला ती पहिल्या महिन्यापासून लागेल. अमेरिकेला जाणारी असेल तर आपल्या वाट्याला काय येणार आहे हे तिला विमानात बसण्याआधी कळेल, आणि तिच्या सासरच्यांनाही. आज ती दोन-तीन वर्षं पहाटे पाचच्या मीटिंगा करते, तिकडचा अनुभव शून्य, इकडची बढती थांबलेली, आणि कंपनीनं सगळ्यांना कार्यालयात बोलावलं की एका ईमेलवर सगळं संपतं.

सरांना पुन्हा विद्यार्थ्यांसमोर बोलायचं असेल तर त्यांनी जरूर बोलावं. समोर बसलेल्या मुलींपैकी पाच-सहा जणी काही वर्षांनी याच फेऱ्यात सापडणार आहेत. त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे, की मॅनेजर "जा, मी बघतो" म्हणाला तर त्याच संध्याकाळी त्याला मेल टाका, एचआरला सीसी ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.